गॅस घ्या, दिवा घ्या, पण सरपण कागदावरून पुसू नका

(वनहक्क समित्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



सामूहिक दावा भरताना अकोले तालुक्यातल्या एका गावात प्रश्न निघाला. "आता गॅस येणार, सौर येणार, मग सरपणाचं कशाला लिहायचं?" त्यावरच बोलते.

सरपणाचं कौतुक मी करणार नाही. बारावीची परीक्षा होती तवाही मोळी आणलीय. पावसाळ्यात ओल्या लाकडाच्या धुरानं आईचे डोळे लाल होतात, पोरं खोकतात. दुसरं काही मिळत असेल तर घेतलंच पाहिजे. पण बघून.

गोबरगॅस घ्या. 2 घनमीटरच्या टाकीला रोज 50 किलोच्या आसपास शेण लागतं, म्हणजे दावणीला चार-पाच ढोरं, आणि शेणाइतकंच पाणी. मे महिन्यात आपल्या बाया हंडाभर पाण्यासाठी झऱ्यावर बसून असतात. थंडीत गॅसही कमी बनतो. ज्याला गुरं आणि विहीर, त्याला चांगला, वर शेताला खत. पण ज्या ठाकर घरात एक शेळी, त्यानं काय करायचं?

सिलिंडरला धूर नाही, पण सरपणाला घाम लागतो आणि सिलिंडरला नोट. मजुरी नाही त्या महिन्यात टाकी कोपऱ्यात बसते.

सौर दिव्यानं रॉकेल वाचतं, पोरं अभ्यास करतात. आमच्या वाडीत योजनेतून आलेले दिवे मात्र दुसऱ्या पावसाळ्यात बंद पडले. बॅटरी कोण बदलणार, हे कुणी सांगितलंच नव्हतं. घाटघर-रतनवाडीकडं पावसाळ्यात सूर्य दिसतो तरी कुठं? आणि दिव्यावर भाकर भाजत नाही.

मोठ्या विजेचंही ऐका. घाटघरचा प्रकल्प 250 मेगावॅटचा. मागणी कमी असते तेव्हा खालच्या धरणातलं पाणी पंपानं वर चढवतात, मागणी वाढली की खाली सोडून वीज करतात. चढवायला लागते तेवढी वीज परत मिळत नाही. पट्टा किल्ल्याकडं पवनचक्क्या फिरतात. कोळसा जळत नाही हे खरं, पण त्यानं आपली चूल बदलली का?

आता कायदा. 2006 च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपजाच्या व्याख्येत झुडपी लाकूड आणि खुंटं आहेत, निस्तार हक्कही आहे. त्याच कायद्याच्या कलम 3(2) मध्ये विजेच्या तारा आणि अपारंपरिक ऊर्जेसाठी 1 हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं न तोडता, आणि ग्रामसभेची शिफारस असेल तरच. म्हणजे एक सोडा नि दुसरं घ्या, असं कायदा म्हणतच नाही. असं कुणी म्हणालं तर ते लेखी मागा.

म्हणून नमुना 'ब' मध्ये सरपण लिहा. कोणत्या डोंगरातून आणता, कोणत्या महिन्यात, किती घरं. हे बायांना विचारून लिहा, कारण मोळीची वाट दादांना माहीत नसते. (हसू नका, दादा.) समितीत एक तृतीयांश बाया पाहिजेत, त्या नुसत्या सहीपुरत्या नाहीत. नकाशा काढायला त्यांना बरोबर न्या. पाऊस लागायच्या आत जाऊ, नंतर वाटा गवतात बुडतात.

जिंदाबाद!