मीम आणि गेम वर्गात वाचताना
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



मीम आणि व्हिडिओ गेम महाविद्यालयात शिकवावेत असं म्हटलं की पालकांचा प्रश्न ठरलेला असतो: मुलं दिवसभर मोबाइलवर हेच करतात, आता वर्गातही तेच का? प्रश्न रास्त आहे. जे आपोआप येतं, त्याला मास्तर कशाला लागतो?

या प्रश्नाचं एक उत्तर पुण्यात मागेच मिळालेलं आहे. सिनेमा पाहायला तरी कुणी कुणाला शिकवत होतं? तरीही १९६० साली सुरू झालेल्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये प्रा. सतीश बहादूर ‘पथेर पांचाली’ दृश्यामागून दृश्य उलगडून दाखवू लागले. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांची त्यांना साथ मिळाली. पुढे चित्रपट रसास्वादाची शिबिरं रुजली आणि फिल्म सोसायट्यांना जाणते प्रेक्षक मिळाले. कॅमेरा इथेच का थांबला, हे विचारायची सवय त्या शिबिरांनी लावली.

गेमच्या बाबतीत विचारायचं ते वेगळं आहे. गेम जे सांगतो, ते मुख्यतः नियमांतून सांगतो.

घरचंच उदाहरण घ्या. सुट्ट्यांत घरोघरी ‘व्यापार’चा पट मांडला जातो. मुंबई घ्यायची, दिल्ली घ्यायची, घरं बांधायची आणि समोरच्याला भाड्याने जेरीला आणायचं. हा खेळ ज्या ‘मोनोपॉली’वरून आला, तिचं मूळ एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंच्या ‘लँडलॉर्ड्स गेम’मध्ये आहे. त्याचं पेटंट त्यांना १९०४ साली मिळालं. अर्थचिंतक हेन्री जॉर्ज यांच्या जमीनकराच्या विचाराने त्या भारलेल्या होत्या. जमिनीचा मालक काहीही न करता कसा श्रीमंत होतो आणि भाडेकरू कसा कंगाल होतो, हे खेळणाऱ्याला स्वतः अनुभवू द्यायचं, हा त्यांचा हेतू. म्हणून त्यांनी नियमांचे दोन संच दिले: एकात मक्तेदार जिंकतो, दुसऱ्यात संपत्ती वाढली की सगळ्यांचाच फायदा होतो. १९३५ साली पार्कर ब्रदर्स कंपनीने त्यांचं पेटंट पाचशे डॉलरला घेतलं आणि ‘मोनोपॉली’ बाजारात आणली. तीत मक्तेदाराचा संच उरला, दुसरा गेला. जे टीका म्हणून रचलं होतं, ते जगभरची मुलं हौसेने जिंकायला शिकली. पट जवळपास तोच, घरंही तशीच. नियमांचा एक संच काढला आणि खेळाचं म्हणणं उलटलं. हे एवढं एक उदाहरण नीट शिकवलं तरी एका सत्राचं सार्थक होईल असं मला वाटतं.

इयन बोगोस्ट या अभ्यासकाने २००७ साली हाच मुद्दा व्हिडिओ गेमबद्दल विस्ताराने मांडला. वर्गात त्यासाठी मी ‘पेपर्स, प्लीज’ घेईन. लुकस पोप यांनी तो २०१३ साली प्रसिद्ध केला. खेळणारा एका काल्पनिक देशाच्या सीमेवर कागदपत्रं तपासणारा कारकून असतो. कमाई माणशी मिळते. संध्याकाळी त्यातून भाडं, जेवण, घर उबदार ठेवण्याचा खर्च आणि घरच्यांचं औषधपाणी भागवायचं. चूक झाली की आधी ताकीद, मग दंड. एक नवरा येतो, त्याचे कागद चोख असतात. तो सांगतो, मागे माझी बायको आहे, जरा सांभाळून घ्या. बायकोकडे परवाना नसतो. आता शिक्का कोणता मारायचा? पडद्यावर कुणीही उपदेश करत नाही. मागे रांग असते आणि घरी मूल आजारी असतं.

हा गेम सगळ्यांनी खेळल्यावर मी एकच काम देईन: नियम बदला. माणशी कमाईऐवजी ठरलेला पगार द्या, आणि मग त्या बाईचं काय होतं ते लिहा. मूल या प्रश्नाशी झगडलं की पुढे नोकरीत, बँकेत, सरकारी खिडकीसमोर उभं असताना इथला नियम माणसाला काय करायला लावतो, हे त्याला दिसू लागेल. गेम शिकवण्याचा माझा सगळा आग्रह यासाठी आहे.

मीमचं वाचन निराळं. ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ सालचा चित्रपट. तेव्हा जन्मलीही नव्हती अशी मुलं आज त्यातले संवाद मीममध्ये वापरतात. चित्रपटाचं नाव कुणी लिहीत नाही. ज्याला कळलं तो आपला. मीम समोरच्याच्या आठवणीवर उभं असतं. म्हणूनच ते माणसं जोडतं, आणि म्हणूनच परक्याला सहज बाहेर ठेवतं.

याची धोक्याची बाजू पाहायची तर पेपे हा बेडूक पाहा. मॅट फ्युरी यांच्या २००५च्या कॉमिकमधला हा निरुपद्रवी, आळशी प्राणी. अमेरिकेतल्या वंशद्वेष्ट्यांनी तो उचलला आणि २०१६ साली अँटी-डिफमेशन लीग या द्वेषविरोधी संस्थेने त्याची नोंद द्वेषचिन्हांत केली. पेपेचा बहुतेक वापर द्वेषाचा नाही, हेही तिने त्याच वेळी सांगितलं. तीन वर्षांनी हाँगकाँगच्या रस्त्यांवर लोकशाहीवादी तरुणांच्या हातांत तोच पेपे होता. चित्राकडे कितीही निरखून पाहिलं तरी हा फरक सापडणार नाही. कुणी, कुठे, कधी, कुणाला उद्देशून, हे शोधावं लागतं. म्हणून मीमची परीक्षा घ्यायची तर मी विद्यार्थ्याला एका मीमचं चरित्र लिहायला सांगेन. त्यात मूळ कुठलं, कुणी काय बदललं, कोण दुखावलं, हे सगळं यावं. यात मुलं शिक्षकापेक्षा जास्त जाणत असतील, तर शिक्षकाने त्यांच्याकडून खुशाल शिकावं. मात्र पुरावा मागण्याचं काम सोडू नये.

पुरावा मात्र टिकत नाही, ही खरी अडचण आहे. डिसेंबर २०२०अखेर ‘फ्लॅश’ या तंत्राचा आधार संपला आणि ब्राउझरवरचे हजारो छोटे गेम बंद पडले; त्यातले पुष्कळसे ‘फ्लॅशपॉइंट’ या जतन प्रकल्पाच्या स्वयंसेवकांनी वाचवले. नायरांनी फिल्मची रिळं गोळा केली म्हणून रसास्वाद शिकवता आला. महाविद्यालयांनी निदान एवढं करावं: जुना, चालू स्थितीतला एक संगणक ग्रंथालयात ठेवावा आणि विद्यार्थ्यांनी लिहिलेली मीमची चरित्रं तारीख आणि संदर्भासह तिथे जमा करावीत. येत्या जूनपासून सुरुवात करता येईल.