रेंज पूर्ण, तरी निरोप अडकलेला



आम्ही घाटकोपरच्या एका बचत गटातल्या बायका. पापड, मसाले, चकलीची भाजणी करतो आणि संध्याकाळी स्टेशनजवळ बसून विकतो. घाटकोपरला लोकल आणि मेट्रो दोन्हींची माणसं एकत्र येतात. सहानंतर तिथं पाय ठेवायला जागा नसते.

गेल्या दिवाळीआधी एका ताईंनी भाजणी घेतली, कोड स्कॅन केला. त्यांना पैसे कापल्याचा मेसेज आला, पण आमचा साउंडबॉक्स गप्प. आमच्या फोनवर रेंज पूर्ण होती. आमच्यातली एक पटकन बोलून गेली, "पैसे आलेच नाहीत, फसवता का?" ताईंनी निमूटपणे पुन्हा पैसे भरले. रात्री खातं पाहिलं, तर दोन्ही वेळचे पैसे जमा! पहिले तेव्हाच आले होते, नुसता निरोप अडकला होता. जादा पैसे दुसऱ्या दिवशी परत पाठवले. पण बोललेला शब्द कसा परत घ्यायचा?

असं का झालं, ते आमच्यातल्या एकीच्या मुलीनं समजावलं. ती मोबाईल नेटवर्कचंच काम करते.

फोनवरून जाणारी प्रत्येक गोष्ट लहान लहान पाकिटांत वाटून जाते. प्रत्येक पाकिटाला नंबर असतो आणि पलीकडून पोच येते. टॉवरकडे पाकिटांची रांग लागते. रांग भरली की नवी पाकिटं गळून पडतात. पोच आली नाही की पाठवणारं यंत्र ते पाकीट पुन्हा पाठवतं. सगळ्यांनीच पुन्हा पुन्हा पाठवलं, तर गर्दी आणखी वाढते. १९८६ साली अमेरिकेत बर्कले इथं असंच झालं. जेमतेम चारशे यार्डांवरच्या दोन संस्थांमधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. मग व्हॅन जेकबसन यांनी उपाय काढला: पाकीट हरवलं की गर्दी आहे असं समजायचं आणि पाठवण्याचा वेग कमी करायचा.

मोबाईलमध्ये मात्र एक घोळ आहे. पाकीट गर्दीनं हरवतं, तसं कमजोर रेंजनंही हरवतं. लिफ्टमध्ये शिरलं तरी हरवतं. म्हणून कंपनीतली माणसं मोजणीची मर्यादा ठरवून ठेवतात: शंभरातली किती पाकिटं हरवली आणि ती किती मिनिटं हरवत राहिली, तर इशारा वाजवायचा. मर्यादा फार कमी ठेवली, तर प्रत्येक लिफ्टपायी खोटा इशारा. फार जास्त ठेवली, तर लोक ताटकळल्यावर जाग येणार. शिवाय टॉवर हवेत हरवलेली बरीच पाकिटं स्वतःच पुन्हा पाठवतो, तेव्हा हानी दिसत नाही, फक्त उशीर दिसतो. म्हणून हानी, उशीर, रेंज आणि टॉवरवरचा भार हे सगळं एकत्र बघावं लागतं. रेंज चांगली, उशीर वाढतोय आणि पाकिटंही हरवताहेत, तर ती गर्दी.

म्हणजे फोनवरच्या रेंजच्या दांड्या टॉवरचा आवाज किती स्पष्ट येतो तेवढंच सांगतात. रस्ता मोकळा आहे की नाही, ते सांगत नाहीत. तुमच्या गावच्या जत्रेत, आठवडी बाजारातही हेच होतं.

मग आपण काय करायचं? रेंज कमी असेल तर जागा बदलून बघा. रेंज पूर्ण असून अडत असेल तर ती गर्दी समजा, थोडं थांबा. रोज ठरावीक वेळेला अडत असेल तर तारीख, वेळ, जागा लिहून कंपनीकडे तक्रार करा आणि तक्रारीचा नंबर जपून ठेवा. आणि गिऱ्हाइकाला लगेच पुन्हा पैसे भरायला लावू नका, आधी खातं तपासा. रिझर्व्ह बँकेचा २०१९चा नियम आहे: दुकानात यूपीआयनं दिलेले पैसे खात्यातून गेले आणि दुकानदाराला पोच मिळाली नाही, तर बँकेनं पाच दिवसांत ते आपणहून परत करायचे. त्याहून उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई.

आता आमच्या टोपलीशेजारी एक वही असते. निरोप अडला की त्यात नाव, वेळ, रक्कम लिहितो आणि म्हणतो, "ताई, माल न्या. रात्री खातं बघू."

त्या भाजणीवाल्या ताई हे ऐकत असतील, तर आमचं चुकलं. एकदा पुन्हा या.