कलमाचा चाकू घट्ट झाला तर



कोकणात पावसाच्या सुरुवातीला आंब्याची कोय कलमं बांधायला घेतात. मराठवाडा-विदर्भात जंबेरीच्या खुंटावर मोसंबी-संत्र्याचे डोळे भरतात. नेमका त्याच दिवशी पेटीतला घडीचा चाकू काढावा, तर पातं जागचं हलत नाही. मग कुणी ते दातांनी ओढतो, कुणी पकडीनं. पातं एकदम सुटतं आणि बोट कापतं.

आधी तो घट्ट का होतो ते पाहू. पातं एका खिळीवर फिरतं आणि मुठीच्या पाठीतली पोलादी पट्टी पात्याचं बूड दाबून धरते. हा दाब मुद्दाम ठेवलेला असतो. तो नसेल तर कापताना पातं बोटांवर मिटेल. नव्या चाकूत बुडाच्या कडा खरबरीत असतात. जुन्यात झाडाचा चीक, माती आणि गंज साठतो.

संध्याकाळी चाकूचा सांधा वर धरून त्यात दोन-तीन थेंब रॉकेल सोडा. रॉकेल मिळत नसेल तर डिझेल चालेल. चुलीपासून दूर, रात्रभर राहू द्या. सकाळी खाचेत नख घालून पातं हळू उघडा. नख पुरत नसेल तर नाण्याची कड लावा. मिटताना पात्याच्या पाठीवर तळहात ठेवा, बोटं मुठीच्या फटीत नकोत. काळं तेल बाहेर येईल ते फडक्यानं पुसा. मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब घाला आणि पन्नासेक वेळा उघडझाप करा. नवा चाकू असेल तर हेच तीन-चार दिवस रोज करावं. वेळ लागतो, पण घासून घासूनच सांधा गुळगुळीत होतो.

घरातलं करडईचं किंवा जवसाचं तेल मात्र घालू नका. ते वाळून चिकट होतं आणि चाकू पहिल्यापेक्षा घट्ट बसतो. चुलीत तापवायचंही नाही, पात्याचं पाणी उतरतं. मग धार टिकत नाही. खिळीवर हातोडी मारली तर सांधा आणखी आवळतो.

फार सैलही करू नये. पातं उघडून टोक डावीकडे-उजवीकडे हलवून बघा. डगडगत असेल तर काप वाकडातिकडा येतो, साल सालीला नीट भिडत नाही आणि कलम वाळतं. अशा वेळी लोहाराकडून खीळ हलकेच ठोकून घ्यावी.

कलम करण्याआधी पातं साबणाच्या पाण्यानं धुऊन पुसा, कारण कापावर तेल राहता कामा नये. लिंबूवर्गीय झाडांत काही रोग पात्यावरूनच पसरतात, म्हणून रोपवाटिकेत पातं क्लोरीनच्या पाण्यात बुडवतात. ते योग्यच आहे, पण त्यानं गंज लवकर चढतो. काम संपलं की चाकू साध्या पाण्यानं धुवा, उन्हात कोरडा करा, सांध्यात तेलाचा थेंब टाका आणि मगच मिटा.

गंजक्या पात्यानं हात कापलाच तर हळद लावून बसू नका. जखम साबणानं धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताच्या सुईबद्दल विचारा.