मोटारीचे पहारेकरी

सोलापुरांत कापडाच्या गिरण्या चालू होत्या, त्या काळीं शहराची सकाळ भोंग्यानें होत असे. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णु, नरसिंग गिरजी या नांवांभोंवतीं हजारों कुटुंबांचा दिनक्रम गुंफलेला होता. भोंगा झाला कीं कामगार डबा घेऊन निघे, आणि कोणत्या भोंग्याचा अर्थ काय, हें घरांतील लहान मुलांनाही ठाऊक असे. त्या गिरण्या आतां बंद पडल्या आहेत. परंतु त्याच शहरांत आज घरोघर मोटारी आहेत, आणि प्रत्येक मोटारीच्या दर्शनी फळीवर लाल, पिवळ्या दिव्यांच्या आणि बारीक घंटांच्या रूपानें लहान लहान भोंगे बसलेले आहेत. गिरणीच्या भोंग्याचा अर्थ सर्वांस कळत होता. या नव्या भोंग्यांचा अर्थ मात्र गाडीच्या मालकालाही पुष्कळदां सांगतां येत नाहीं.

मोटारीच्या विद्येशीं सोलापूरचें नातें जुनें आहे. या देशांत मोटारी बांधल्या जाव्यात असा ध्यास घेणारे वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ सालीं सोलापुरांतच झाला. त्यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, आणि १९४७ सालीं मुंबईंतील कुर्ल्याच्या कारखान्यांतून तिची पहिली गाडी बाहेर पडली. वालचंद १९५३ सालीं निवर्तले. त्यांच्या कंपनीनें पुढें फियाटच्या धर्तीवर जी गाडी बनविली, तीच १९७० नंतरच्या दशकांत ‘प्रीमियर पद्मिनी’ या नांवानें घरोघर पोंचली. मुंबईच्या रस्त्यांवरून या गाडीची शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें निवृत्त झाली. पद्मिनीचें एंजिन १०८९ घनसेंटिमीटरचें होतें आणि तिच्या फळीवर मोजकींच यंत्रें होतीं. चालकाचे कान, नाक आणि तळपाय हेच तिचे खरे इशारे. एंजिनाचा आवाज बदलला, रबर जळाल्याचा वास आला, ब्रेक पायाखालीं मऊ लागला, कीं जाणता चालक गाडी कडेला घेई.

आजची गाडी बंद कांचांची, थंड हवेची आणि अबोल असते. तिच्यांतील बिघाडाची वार्ता कानाला वा नाकाला लागण्यापूर्वीं दिव्याला लागते. स्पोर्ट्स कारमध्यें, म्हणजे क्रीडेसाठीं व वेगासाठीं बांधलेल्या मोटारींत, ही गोष्ट अधिकच तीव्र होते. सन २०१२ च्या दिल्लीच्या वाहनप्रदर्शनांत ‘अवंती’ ही दोन आसनांची भारतीय स्पोर्ट्स कार लोकांनीं कौतुकानें पाहिली. तिचें एंजिन चालकाच्या पाठीमागें होतें. अशा गाडींत शक्ति अधिक, घडामोड जलद, आणि म्हणून चुकीला सवड कमी. ज्या संवयी स्पोर्ट्स कारला अत्यावश्यक असतात, त्या घरगुती गाडीलाही हितकारक ठरतात. म्हणून तिच्यापासून आरंभ करणें सोयीचें आहे.

पहिली गोष्ट बैठकीची. पाठ आसनाला टेकवून क्लच पूर्ण दाबला असतां गुडघा किंचित् वांकलेला राहिला पाहिजे. हात सरळ केल्यावर मनगट सुकाणूचाकाच्या माथ्यावर टेकलें पाहिजे. घड्याळाच्या तबकडीवर नऊ आणि तीन हे आंकडे जेथें असतात, तेथें दोन्ही हात असावेत. बैठक चुकली कीं आणीबाणीच्या क्षणीं ब्रेकवर पुरतें बळ पडत नाहीं.

दुसरी गोष्ट फेरेमापकाची. एंजिन मिनिटाला किती फेरे घेतें, हें तो कांटा दाखवितो. त्यावरील तांबडी रेघ ही मर्यादा होय. ॲक्सिलरेटर दाबून कोणी त्या रेघेपलीकडे जाऊं लागला, तर नव्या गाड्या इंधन तोडून एंजिनाला आवरतात. पण भरवेगांत वरच्या गिअरमधून चुकून फार खालचा गिअर पडला, तर चाकेंच एंजिनाला ओढून फिरवितात, आणि तेथें हें रक्षण चालत नाहीं. एका निष्काळजी हिसक्यानें एंजिनाचीं झडपें वांकतात. तसेंच, थंड तेल घट्ट असतें. तें गरम होऊन सर्वत्र खेळूं लागेपर्यंत, म्हणजे पहिलीं कांहीं मिनिटें, फेरे मर्यादेंत ठेवावेत.

आतां दिवे. त्यांच्या रंगांचा संकेत जगभर बहुतांशीं एकच आहे. हिरवा व निळा हे केवळ कांहीं तरी चालू असल्याचें सांगतात. निळा मुख्यत्वें दूरवर पडणाऱ्या प्रखर झोताचा. पिवळा म्हणतो, ‘तपासून घ्या.’ तांबडा म्हणतो, ‘थांबा.’ पिवळ्यांपैकीं एंजिनाच्या आकृतीचा दिवा स्थिर असेल, तर गाडी सावकाश कारखान्यांत न्यावी. तो उघडझांप करूं लागला, तर एखाद्या सिलिंडरमध्यें इंधन नीट जळत नाहीं असें समजून वेग तत्काळ कमी करावा, नाहीं तर धूर शुद्ध करणारें महागडें यंत्र जळून जातें.

तांबड्यांत तीन दिवे विशेष जपण्याजोगे आहेत. तेलाच्या बुधलीची आकृति पेटली, तर तेल थोडें कमी आहे एवढाच तिचा अर्थ नव्हे; एंजिनाच्या अंगांत तेलाचा दाबच उरला नाहीं, असा तिचा अर्थ आहे. तेलाच्या पातळ थरावर फिरणारे भाग आतां कोरडे घांसत आहेत. येथें हिशेब सेकंदांचा असतो. पुढील पेट्रोलपंपापर्यंत जाऊं, हा विचार एंजिनाच्या किंमतीचा आहे. गाडी कडेला घेऊन एंजिन बंद करावें, आणि मगच तेलाची कांडी पहावी.

दुसरा दिवा उष्णतेचा, आणि हा सोलापूरकरांच्या विशेष ओळखीचा. वैशाखांत या जिल्ह्याचा पारा चाळीस अंशांच्या वर सहज जातो. पुण्याहून निघालेली गाडी इंदापूर, टेंभुर्णी, मोहोळ असे टप्पे घेत दुपारच्या वेळीं सोलापुराकडे येते. सुमारें अडीचशें किलोमीटरांचा हा रस्ता, थंड हवेचें यंत्र चालू, आणि मागें घरची मंडळी. अशा वेळीं उष्णतेचा कांटा मध्यावरून वर सरकूं लागला, तर चालकाला अजून सवड असते. कांटा प्रवृत्ति दाखवितो, दिवा निकाल सांगतो. कांटा हलतांच थंड हवा बंद करावी, वेग उतरवावा, आणि सुरक्षित जागा पाहून थांबावें. उकाड्यांत विचित्र वाटेल, पण कांचा उघडून गरम हवेचें यंत्र पूर्ण चालू केल्यास एंजिनाची बरीच उष्णता त्या वाटेनें बाहेर पडते, आणि थांबण्याच्या जागेपर्यंत पोंचतां येतें.

येथें एक फसगत ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. उष्णता मोजणारा भाग पाण्यांत बुडालेला असतो. नळी फुटून सर्व पाणी निघून गेलें, तर तो हवेंत उघडा पडतो, आणि एंजिन भाजत असतांना कांटा खालीं येऊं शकतो. वर चढलेला कांटा कांहीं कारण नसतां एकाएकीं खालीं आला, तर तें आनंदाचें चिन्ह मानूं नये. आणि गाडी थांबल्यावर रेडिएटरचें टोपण कधींही लगेच उघडूं नये. आंतील पाणी दाबाखालीं असतें. म्हणून तें शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाहीं. टोपण सैल होतांच तो दाब सुटतो आणि उकळती धार तोंडावर येते. एंजिन हाताला सोसेल इतकें निवेपर्यंत वाट पहावी. विहिरीचें जड पाणी त्यांत घालण्याची संवयही सोडावी. त्यानें आंत खवले धरतात. शुद्ध पाणी आणि कूलंट यांचें कंपनीनें सांगितलेलें मिश्रणच योग्य.

तिसरा दिवा ब्रेकचा. हातब्रेक सुटलेला असूनही तो जळत राहिला, तर ब्रेकचें तेल उतरलें आहे. हें तेल हवेंतील ओलावा शोषतें. नवें असतां ‘डॉट ४’ जातीचें तेल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाहीं. ओलावा शिरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरूं शकते. घाट उतरतांना वारंवार ब्रेक दाबल्यानें तें तापतें, त्यांत वाफेचे बुडबुडे होतात, आणि पाय थेट तळाला जातो. म्हणून गाडी कमी चालली असली तरी साधारण दोन वर्षांनीं हें तेल बदलावें. स्पोर्ट्स कार जोरानें चालविणारे तें त्याहूनही लौकर बदलतात. चाकें जखडूं न देणाऱ्या यंत्रणेचा पिवळा दिवा एकटा लागला, तर साधा ब्रेक चालतो, मात्र निसरड्यावर जपावें लागतें. तो आणि तांबडा हे दोन्ही एकदम लागले, तर गाडी पुढें नेऊं नये.

दिव्यांच्या जोडीला घंटा आहेत. भारतांत जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत पट्टा न बांधल्याची आणि वेगाची सूचना देणारी घंटा आवश्यक झाली. ताशीं ऐंशी किलोमीटर ओलांडतांच ती अधूनमधून वाजते, आणि एकशेंवीसनंतर अखंड वाजत राहते. या घंटेचा कांहींना इतका कंटाळा येतो, कीं पट्ट्याच्या खांचेंत नुसतें खोटें पातें अडकवून ते तिला गप्प करतात. हीं पातीं उघड विकलीं जात होतीं. मे २०२३ मध्यें केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें पांच ऑनलाइन विक्रेत्यांना तीं काढून टाकण्याचा आदेश दिला. त्यापूर्वीं, सप्टेंबर २०२२ मध्यें, पालघर जिल्ह्यांतील अपघातांत उद्योगपति सायरस मिस्त्री यांचा मृत्यु झाला. ते मागील आसनावर होते आणि त्यांनीं पट्टा बांधला नव्हता, असें पोलिसांनीं सांगितलें. मागें बसणाऱ्याला पट्ट्याची गरज नाहीं, हा समज किती महाग पडतो हें तेव्हां सर्वांस दिसलें. एवढ्यानें गप्प होणारी ती घंटा मोटारीसाठीं वाजत नसते. आंत बसलेल्या माणसासाठीं वाजत असते.

आणि येथेंच सर्वांत महत्त्वाची, पण सर्वांत दुर्लक्षित गोष्ट येते. मोटारीची निगा सर्वजण राखतात. तिच्या पहारेकऱ्यांची निगा क्वचितच कोणी राखतो. दिवा लागला नाहीं म्हणजे सर्व ठीक आहे, असें चालक समजतो. पण त्या दिव्याची तार तुटली असेल, किंवा तो दिवाच जळून गेला असेल, तर? झोपलेल्या पहारेकऱ्यानें हांक मारली नाहीं, म्हणून चोर आला नाहीं असें ठरत नाहीं.

याची परीक्षा मोटार बांधणाऱ्यांनींच करून ठेविली आहे. किल्ली फिरवावी, किंवा ब्रेक न दाबतां बटन दाबावें, आणि एंजिन चालू करण्यापूर्वीं क्षणभर थांबावें. तेल, बॅटरी, एंजिन, ब्रेक, हवेच्या पिशव्या यांचे दिवे पेटतात. ही त्यांची हजेरी होय. एंजिन चालू झालें कीं ते थोड्याच वेळांत विझले पाहिजेत. जो विझत नाहीं, त्याची तक्रार आहे. परंतु जो पेटलाच नाहीं, तो मुका झाला आहे, आणि त्याची चौकशी आधीं करावी. हातब्रेक ओढला कीं ब्रेकचा दिवा पेटतो, सोडला कीं विझतो. त्याचीही परीक्षा त्यांतच होते. जुनी गाडी विकत घेणाऱ्यानें तर ही हजेरी अवश्य घ्यावी. बिघाड लपविण्यासाठीं दिवाच काढून टाकणारे विक्रेते असतात, आणि त्यांची लबाडी या दहा सेकंदांत उघडी पडते.

याला जोडून आठवड्याचा एक छोटा नेम पुरेसा आहे. सकाळीं गाडी थंड असतांना तेलाची कांडी, कूलंटची व ब्रेकच्या तेलाची पातळी आणि टायरांतील हवा पहावी. दुपारीं तापलेल्या टायरांत दाब अधिक दिसतो. तेवढ्यावरून हवा सोडूं नये. गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका कपाटांत न ठेवतां गाडींतच ठेवावी, आणि दिव्यांच्या आकृतींचें पान घरांत गाडी चालविणाऱ्या प्रत्येकानें एकदां तरी वाचावें. मुलगा किंवा सून गाडी घेऊन पंढरपुराला निघाली, तर घरांतील वडीलधाऱ्यांनीं ‘सांभाळून जा’ म्हणावें, तसेंच ‘दिवे पाहिलेस का?’ असेंही विचारावें.

गिरणीच्या भोंग्याला उशीर झाला, तर सोलापूरचा कामगार अस्वस्थ होई. भोंगा वाजला नाहीं म्हणून आज सुटी, असें त्यानें कधीं मानलें नाहीं. गिरणींत कांहीं तरी झालें असावें, अशी शंका त्याला येई. मोटारीच्या दिव्याकडे पाहण्याची हीच दृष्टि आजच्या चालकाला हवी आहे. उद्यां सकाळीं किल्ली फिरवितांना घाई न करतां तो क्षणभर थांबला आणि प्रत्येक पहारेकऱ्याची हजेरी त्यानें घेतली, तर भर उन्हांत टेंभुर्णीच्या पुढें जो दिवा पेटेल, त्यावर त्याला विश्वास ठेवतां येईल. आणि न पेटलेल्या दिव्यावरही.