जकात कोणावर, भार कोणावर?

परदेशी मालावर सरकारने जकात वाढविली असे वृत्त आले म्हणजे त्या देशाला चांगलाच चिमटा बसला, असे पुष्कळांस वाटते. परंतु श्रोतेहो, ही जकात परदेशचा बागवान भरीत नाही. बंदरात माल सोडवून घेणारा आपलाच व्यापारी ती भरतो आणि पुढे तिचा भार कोणी सोसावयाचा, हे बाजार ठरवितो. अमेरिकेतून येणारी सफरचंदे व बदाम यांची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे.

मार्च २०१८ मध्ये अमेरिकेने परदेशी पोलादावर शेकडा २५ व अ‍ॅल्युमिनियमवर शेकडा १० अशी जादा जकात बसविली. जून २०१९ च्या आरंभी भारतीय मालाला मिळणारी जकातीची सवलतही तिने काढून घेतली. तेव्हा १६ जून २०१९ पासून भारताने अमेरिकेच्या २८ जिनसांवर प्रत्युत्तरादाखल जकात वाढविली. सफरचंदांवरील जकात शेकडा ५० होती, ती ७० झाली. सोललेल्या बदामांवर किलोमागे १०० रुपये होती, ती १२० झाली. भांडण पोलादाचे, त्यात फळे आणि सुका मेवा ओढला गेला.

परिणाम मात्र दोन्ही जिनसांच्या बाबतीत सारखा झाला नाही. २०१८-१९ साली अमेरिकेची १,२७,९०८ टन सफरचंदे भारतात आली होती. २०२२-२३ साली अवघी ४,४८६ टन आली. मग काश्मीर व हिमाचल प्रदेश येथील बागवानांचे दैव उघडले काय? तसे म्हणवत नाही. कारण त्याच काळात इतर देशांच्या सफरचंदांची आयात १६ कोटी डॉलरांवरून २९ कोटी डॉलरांवर गेली. तुर्कस्तान, इराण, इटली, चिली आणि न्यूझीलंड यांनी रिकामी जागा भरून काढली. एका दाराला कडी घातली, पण शेजारची दारे उघडीच राहिली.

बदामांची गोष्ट निराळी. जगातील बदामांच्या पिकाचा फार मोठा वाटा एकट्या कॅलिफोर्नियातून येतो. त्यामुळे आपल्या व्यापाऱ्याला दुसरीकडे वळण्यास फारसा वाव नव्हता. बदाम येतच राहिले. आणि अशा वेळी जकातीचा बराचसा भार शेवटी गिऱ्हाइकाच्याच माथी येतो.

जून २०२३ मध्ये उभय देशांनी जागतिक व्यापार संघटनेतील आपसांतले सहा वाद मिटविण्याचे ठरविले आणि सप्टेंबरात भारताने ही जादा जकात मागे घेतली. मूळची जकात मात्र तशीच ठेवली. त्याच पावसाळ्यात अतिवृष्टीने हिमाचलातील बागांची व रस्त्यांची नासधूस झाली होती. माल उतरविण्याच्या ऐन हंगामात ही वार्ता ऐकून तेथील बागवान धास्तावले असल्यास नवल नाही. परंतु मागील चार वर्षांत परदेशी सफरचंदे थांबली नव्हती, हेही तितकेच खरे. बाजारापर्यंत टिकणारा रस्ता आणि माल राखून ठेवावयास जवळचे शीतगृह यांची उणीव जकातीने भरून निघत नाही.

म्हणून यापुढे जकात चढल्याचे वा उतरल्याचे वाचनात आले, तर सुज्ञ वाचकाने प्रथम एवढेच पाहावे : तो माल दुसऱ्या कोणाकडे मिळतो काय? भार कोणावर पडणार, याचे उत्तर बहुधा तेथेच सापडते.