गोळी आणि भाकरी



आज आपण क्षयाविषयी बोलणार आहोत. दवाखान्यात याला टी.बी. म्हणतात. जुनी माणसे राजरोग म्हणत. नाव फसवे आहे. हा रोग वाड्यात कमी आणि झोपडीत जास्त रमतो. असे का, तेच आज बघू.

क्षय जंतूमुळे होतो. 1882 साली जर्मनीतील डॉक्टर कॉख यांनी तो जंतू दाखवून दिला. रोगी खोकला की जंतू हवेत उडतात आणि दुसऱ्याच्या श्वासाबरोबर आत जातात. हे पुष्कळांना ठाऊक आहे. पुढचे मात्र थोड्यांना ठाऊक असते. जंतू आत गेला म्हणजे रोग झालाच, असे नाही. आपल्या देशात कोट्यवधी लोकांच्या अंगात हा जंतू निजून आहे. अशा शंभर माणसांतल्या पाच-दहांनाच जन्मात कधी तरी रोग होतो. मग तो जागा कोणाच्या अंगात होतो? ज्याचे पोट भरत नाही त्याच्या. ज्याला मधुमेह आहे, ज्याला दारू-विडीची सवय आहे, जो दगडाच्या धुळीत काम करतो, त्याच्याही.

आधी घराकडे पाहा. दहा बाय दहाची खोली, माणसे सात, खिडकी एक, तीही पावसाळ्यात बंद. एकजण खोकला की सातांनी ती हवा घ्यायची. मुंबईत गोवंडी-मानखुर्द भागात झोपडीवासीयांसाठी पक्क्या इमारती बांधल्या. पण त्या एकमेकींना इतक्या खेटून उभ्या केल्या की खालच्या मजल्यांवर ऊनही नाही आणि वाराही नाही. 2018 साली तेथील पाहणी प्रसिद्ध झाली. जवळच्याच मोकळ्या वसाहतीपेक्षा या दाट इमारतींत क्षयाचे रोगी पुष्कळ जास्त आढळले. म्हणजे घर पक्के झाले, पण हवा कोंडलीच.

आता भाकरीकडे येऊ. येथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. 1956 साली मद्रासमध्ये मोठा प्रयोग सुरू झाला. काही रोग्यांना आरोग्यधामात ठेवले. तेथे खाट होती, विश्रांती होती, चांगले जेवण होते. बाकीच्यांना घरीच औषध दिले. घरी जेवण जेमतेमच. तरी नेमाने औषध घेतल्यावर दोन्हीकडचे रोगी जवळजवळ सारखेच बरे झाले. त्यामुळे रोग्याला घर सोडून जाण्याची गरज उरली नाही. हे फार चांगले झाले. पण त्यावरून काहींनी भलताच अर्थ काढला, की औषध असले म्हणजे खाण्याचे काही विशेष नाही!

या समजुतीला झारखंडातील चार जिल्ह्यांनी उत्तर दिले. 2019 ते 2022 या काळात तेथे 2,800 रोगी आणि त्यांच्या घरची दहा हजारांवर माणसे यांचा अभ्यास झाला. सर्व रोग्यांना औषधाबरोबर शिधा दिला. निम्म्या घरांत मात्र रोग्याच्या घरच्या माणसांनाही शिधा दिला. माणशी महिन्याला 5 किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. बस्स, एवढेच. ज्या घरांत सगळ्यांना शिधा मिळाला, तेथे नवे रोगी सुमारे 39 टक्क्यांनी कमी झाले. रोग्यांचेही पाहा. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन वाढले, त्यांच्यात मृत्यू पुष्कळ कमी झाले. तूरडाळ ही लस नव्हे, पण तिने लशीसारखे काम केले.

आणि मजुरी? आमच्या शाळेत एक मुलगी होती. तिचे वडील खडी फोडायला जात. त्यांना क्षय झाला. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळाल्या. दोन महिन्यांत खोकला थांबला, अंगात जोर आला. मुकादमाची उचल अंगावर होती. ते म्हणाले, “गुरुजी, खाडा केला तर पोरं खातील काय?” ते परगावी कामाला गेले आणि गोळ्या सुटल्या. रोग उलटला. मग मुलीलाही झाला. लोक त्यांना अडाणी म्हणाले. आम्हाला ते पटले नाही. गोळी फुकट होती, दिवस फुकट नव्हता.

बाईमाणसाचे आणखी अवघड. ती खोकते, पण सांगत नाही. सांगितले तर सासरचे म्हणतात, “जा माहेरी, बरी झालीस की ये.” सगळ्यांचे झाल्यावर उरलेले ती खाते, ते वेगळेच. हा रोग आईबापांकडून रक्तातून येत नाही. औषध नीट चालू झाले की काही आठवड्यांत रोग्यापासून लागण होण्याचे भयही बहुधा सरते. तिचे ताट वेगळे काढण्यात काही अर्थ नाही. ताटात काय वाढले, ते बघा.

दोन आठवडे खोकला राहिला तर थुंकी तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात तपासणीला आणि औषधाला पैसे पडत नाहीत. साधा क्षय असेल तर औषध सहा महिने चालते. खाण्यासाठी सरकार 2018 पासून रोग्याला महिना 500 रुपये देत होते. नोव्हेंबर 2024 पासून ते 1000 झाले. हे पैसे बँकेच्या खात्यात येतात. खाते नाही म्हणून किंवा नावात फरक पडला म्हणून ते अडकतात. आशाताईंना भेटा. पासबुकावरचे नाव आणि दवाखान्याच्या कागदावरचे नाव एकच आहे का, ते अक्षर लावून पाहा. आता तुम्हाला वाचता येते. शेजारच्या घरचाही कागद वाचून द्या.