मावळ्याच्या तलवारीचं पाणी



दिवाळीत पोरं अंगणात किल्ला करतात आणि त्यावर मावळे मांडतात. ते मावळे आमचा बचत गट करतो. शाडू साच्यात दाबायची, सावलीत सुकवायची, मग रंगवायची. गेल्या वर्षी ९०० नग केले आणि त्यातले ३०० परत आले. आज त्या ३०० मावळ्यांबद्दल बोलायचं आहे. खरं म्हणजे त्यांच्या तलवारींबद्दल.

व्यापाऱ्याने पोतं उघडून दाखवलं. तलवारीची चांदी बोटाला लागत होती. ढालीचं सोनं काळवंडलं होतं, कुठे कुठे हिरवट डाग. गटातून १२,००० रुपये अंतर्गत कर्ज उचललेलं. हप्ता कुणी भरायचा यावर बैठकीत जे बोलणं झालं ते सगळं इथे सांगत नाही. रंग आणणाऱ्या वहिनीला सगळ्यांनी धारेवर धरलं. एका काकूंनी पासबुक समोर ठेवलं आणि म्हणाल्या, माझं नाव काढा. वहिनीची चूक नव्हती हे आम्हाला फार उशिरा कळलं. हा रंग मुळात कशाचा असतो ते आमच्यापैकी एकीलाही ठाऊक नव्हतं.

बाजारात सुटी मिळते ती सोनेरी पावडर म्हणजे तांबं आणि जस्त यांची बारीक भुकटी. थोडक्यात पितळच. देवघरातली समई पावसाळ्यात पंधरा दिवस घासली नाही तर काय होते? तेच ढालींचं झालं. आम्ही श्रावणात रंगवून पोत्यात भरून ठेवले होते, वर गोदामाची ओल. चंदेरी रंगात ॲल्युमिनियमचे बारीक पापुद्रे असतात, त्याचं तसं होत नाही. त्याचं दुखणं निराळं. कोरड्या शाडूवर थेट रंग मारला की माती रंगातला चिकटपणा पिऊन घेते आणि भुकटी नुसती वर बसते. बोट लावलं की निघाली.

उपाय सापडला तो घरातच. गटातल्या एका ताईंचा मुलगा पुण्याला शिकतो. त्याला टेबलावर सैन्य मांडून लढाई खेळायचा नाद आहे. हा खेळ मूळ तिकडच्या देशांतला. इंग्लंडात एच. जी. वेल्स नावाच्या लेखकाने १९१३ साली त्यावर ‘लिटल वॉर्स’ नावाचं पुस्तकच लिहिलं होतं. आता तिथलाच ‘वॉरहॅमर’ नावाचा खेळ जगभर चालतो. त्यातले शिपाई जेमतेम दीड इंचाचे, आणि खेळणारे ते स्वतः रंगवतात. तो सुट्टीला आला तेव्हा एक शिपाई घेऊन आला. त्याचं चिलखत बघून काकू म्हणाल्या, हे खरं लोखंड आहे का रे? प्लास्टिक होतं.

त्याने दाखवलेलं आम्ही आमच्या मावळ्यावर बसवलं ते असं. आधी वाटीभर पाण्यात दोन चमचे पांढरा डिंक कालवून सगळ्या मूर्तीला एक हात. वाळला की माती पुढचा रंग पीत नाही. मग धातू जिथे यायचा तिथे काळा रंग. ही गोष्ट आम्हाला पटेना. चांदीखाली काळं कशाला? पण करून बघा. पांढऱ्यावर मारलेला चंदेरी रंग पत्र्यासारखा दिसतो आणि काळ्यावर मारलेला पोलादासारखा. सोनेरीखाली काळं नको, गेरू किंवा तपकिरी हवा. सोनेरी रंग पातळ पडतो, खालचा रंग त्यातून डोकावतो. लाकडावर सोन्याचा वर्ख चढवणारे जुने कारागीरसुद्धा खाली तांबूस मातीचा हात देत असत.

चंदेरी वाळल्यावर काळा-तपकिरी रंग ताकाच्या निवळीसारखा पातळ करायचा आणि तलवारीवरून फिरवायचा. तो मुठीच्या खाचेत, कडेच्या रेघेत जाऊन बसतो. वर राहिला तो फडक्याने टिपून घ्यायचा. शेवटी जुना, केस झिजलेला ब्रश चंदेरीत बुडवून फडक्यावर इतका पुसायचा की त्यात रंग उरलाच नाही असं वाटावं. तो नुसता धारेवरून झटकायचा. धार उजळते, खाच काळी राहते, आणि तलवारीला पाणी चढतं. एका मावळ्याला यासाठी तीनेक मिनिटं जास्त लागतात. त्याहून जास्त नाही, आम्ही घड्याळ लावून पाहिलं.

यातही फजिती झालीच. पहिल्या दिवशी सगळ्यांनी एकाच वाटीत ब्रश धुतले. चंदेरीचे पापुद्रे पाण्यात उतरले आणि तेच पाणी चेहऱ्याच्या रंगात गेलं. संध्याकाळी बघतो तर महाराजांच्या गालावर चमकी! आता धातूची वाटी वेगळी, ब्रश वेगळे, आणि धातू आधी रंगवून चेहरा शेवटी. दुसरं म्हणजे चमक नसलेलं वार्निश. ते अंगरख्याला शोभतं, पण तलवारीवर पडलं की सगळी मेहनत मंद होते. ते धातूला वगळून मारायचं.

त्या मुलाने आणखी एक रीत दाखवली. तिच्यात चमकीचा रंग थेंबभरही नसतो. नुसता काळा, करडा, पांढरा. ऐकून आम्ही हसलो. मग त्याने स्टीलचा तांब्या खिडकीत ठेवला आणि म्हणाला, यात करडा रंग कुठे आहे ते दाखवा. बघू लागलो तर पांढरी पट्टी, तिला अगदी लागून काळी पट्टी, खाली जमिनीचा तपकिरी. इतकी वर्षं तांब्या घासतोय, पण असा कधी पाहिला नव्हता. मातीच्या माठावर उजेड हळूहळू कमी होत जातो. घासलेल्या धातूवर तो एकदम तुटतो. ते तुटणं रंगवलं की डोळ्याला धातू दिसतो. सोनं करायचं तर गडद तपकिरी, मग पिवळी माती, मग पिवळा, आणि टोकाला पांढरा ठिपका. राजा रविवर्मांच्या तैलचित्रांतले दागिने असेच साध्या रंगांनी झळाळतात.

पण खरं सांगायचं तर ही रीत सगळ्या मावळ्यांसाठी नाही. एका तलवारीला अर्धा तास जातो. शिवाय उजेड ब्रशाने एका जागी पक्का केलेला असतो, तो एकाच बाजूने खरा वाटतो. किल्ल्याभोवती पोरं चहूबाजूंनी फिरतात. म्हणून आम्ही ती फक्त सिंहासनावरच्या महाराजांच्या मूर्तीला वापरतो. मोबाइलवर फोटो पाठवायला तीच चांगली. चमकीचा रंग फोटोत कुठे पांढराफट्ट तर कुठे मेलेला दिसतो.

कुठे कोणता धातू, हेही शिकावं लागलं. गेल्या वर्षी आम्ही ढाली सरसकट सोनेरी केल्या होत्या. शाळेच्या एका बाईंनी विचारलं, सोन्याची ढाल घेऊन कोण लढायला जाईल? ढाली बहुतेक कातड्याच्या असत, वर धातूच्या चार फुल्या. आता ढाल काळी आणि फुल्याच तेवढ्या पितळी. सोनेरी रंगही वाचला. तोफांचं तसंच. लोखंडी तोफ गंजते, तिला स्पंजच्या तुकड्याने तांबूस ठिपके द्यायचे. पण सगळ्या तोफा लोखंडी नव्हत्या. विजापूरची मलिक-ए-मैदान १५४९ साली अहमदनगरला ओतली, ती मिश्रधातूची. तशी तोफ करायची तर तपकिरीवर सोनेरी आणि खाचेत हिरवट झाक. गेल्या वर्षी ज्या हिरव्या डागांनी आम्हाला बुडवलं, तो हिरवा यंदा आम्ही हाताने लावतोय.

आता एक गोष्ट जरा कडक बोलते, रागावू नका. ब्रशाचं टोक करायला तो ओठात धरायची सवय आपल्यातल्या कितीजणींना आहे? सुई ओवताना दोरा धरतो तशी. ती आजपासून बंद. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत घड्याळाच्या आकड्यांना अंधारात चमकणारा रंग लावणाऱ्या मुली होत्या. टोक ओठानेच करा, असं त्यांना कामावर शिकवलं होतं. त्या रंगात रेडियम होतं. कित्येकींच्या जबड्याची हाडं सडली, कित्येक मेल्या. आपल्या रंगात रेडियम नाही, पण धातूची भुकटी पोटात कशाला घ्यायची? पावडर कालवताना नाकाला पदर नाही, मास्क लावा, आणि पंखा बंद ठेवा. थिनरचा रंग असेल तर ओसरीवर बसा, चुलीपासून लांब. आणि डब्यावर शिसं नसल्याचं लिहिलंय का ते वाचा. घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं चालत नाही, असा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. मावळा शेवटी लहान पोराच्या हातात जातो, आणि तिथून तोंडात.

यंदा व्यापारी म्हणाला, आधी नमुना टिकवून दाखवा, मग बोलू. त्याचं बरोबर आहे. आषाढात आम्ही १२ मावळे रंगवून न्हाणीघराच्या फळीवर ठेवले, गावात त्याहून ओली जागा नाही. प्रत्येकाच्या तळाला रंगाचं नाव आणि तारीख. दर बैठकीत बचत जमा झाली की सगळ्याजणी फळीपाशी जातो आणि बोट लावून बघतो. आतापर्यंत दोन काळे पडले. दोन्ही सुट्या पावडरीचे, एकाला वरून वार्निश होतं तरीही. अभ्रकाचा तयार सोनेरी रंग लावलेले चारही जसेच्या तसे आहेत. तो महाग पडतो, पण ढाली काळ्या केल्यापासून लागतोही थोडा. चांदी एकाचीही बोटाला लागलेली नाही.

काकूंचं पासबुक अजून वहिनीकडेच आहे. मागायलाही आल्या नाहीत आणि नाव काढा असं परत म्हणाल्याही नाहीत. मात्र फळीवरचे मावळे त्या बैठकीशिवायही येऊन बघून जातात, असं न्हाणीघरवाल्या मावशींनी सांगितलं. पुढची तपासणी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी.